रोझारियो सर आणि फोंड्याचा उतार

"सर, तुम्हाला सायकल येते का?"

सुगंधाच्या तोंडून प्रश्न सुटला मात्र, 'विश्राम'मध्ये सैल उभी असलेली दहावीची अख्खी रांग कुणी न सांगता 'सावधान'मध्ये आली. मैदानाच्या कडेला बसलेल्या भिकाजी शिपायाने विडी विझवली. ड्रिलच्या रोझारियो सरांनी तोंडातली शिट्टी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

"काय म्हणालीस?"

आता माघारीची सोय नव्हती. मागे उभी असलेली इनासिया सुगंधाच्या वेणीला हळूच हिसडे देत होती. चिंचेखाली मधल्या सुट्टीत पैज लागली होती ती तिच्याशीच. सुगंधाने सरांना तोंडावर हा प्रश्न विचारायचा. सरांना सायकल येत नसली तर इनासियाने शिमग्यापर्यंत सुगंधाचं दप्तर वाहायचं, येत असली तर सुगंधाने इनासियाचं.

"सायकल, सर. चालवता येते का? म्हणजे बसून."

खरं तर हा प्रश्न एकट्या सुगंधाचा नव्हता, सगळ्या मालवणचा होता. रोज सकाळी चर्चच्या पाणंदीतून सर शाळेला निघत. डावीकडे सर, उजवीकडे सायकल. दशावतार बघायला निघालेल्या नवराबायकोसारखी दोघं शेजारी शेजारी चालत यायची. सायकल काळी, तुळतुळीत, दर रविवारी चर्चमधली मिस्साची प्रार्थना आटोपल्यावर खोबरेल तेलाने पुसलेली. हँडलला छत्री, कॅरिअरला डबा, संध्याकाळी परतताना मासळीची पिशवी. सर मात्र कधी त्या सायकलवर बसलेले कुणी पाहिले नव्हते. कुणी म्हणे त्यांचा नवस आहे. कुणी म्हणे डॉक्टरांनी मना केलंय. इनासियाच्या पप्पांचं मत होतं की सर टायर झिजू देत नाहीत.

सुगंधाचं मत साधं होतं. ज्याला येतं तो करतो. ती स्वतः मे महिन्यात सायकल शिकली होती. बाबांच्या सायकलच्या नळीखालून पाय घालून आधी आठ दिवस तिरकी, मग सरळ सीटवर. त्या दिवसापासून तिला जगातली कुठलीही गोष्ट अवघड वाटेनाशी झाली होती. बीजगणितसुद्धा.

"मला?" सर म्हणाले. "सायकल?" आणि मग एकदम त्यांची छाती पुढे आली. "साऽवधान! सगळ्यांनी ऐका. चीनच्या लढाईनंतर देशाला कणखर मुलं हवी आहेत. दिवाळीच्या सुट्टीत आपली शाळा सायकलींनी फोंडाघाट चढून दाजीपूरला जाईल. चार दिवस. राहुट्या, शेकोटी, शिस्त! पुढारी मी!"

मुलं आनंदाने ओरडली.

"मुलीपण, सर?" सुगंधा.

"ज्यांना सायकल येते त्या सगळ्या."

"मग, सर, तुम्ही..."

"डावीकडेऽऽ वळ!" सर गरजले आणि सगळा वर्ग सुगंधाकडे पाठ करून उभा राहिला.

घरी मात्र डावीकडे वळ म्हणून भागण्यासारखं नव्हतं.

"चेडवाच्या जातीन रानात निजाचा?" आईने पोळपाटावरून मान वर केली. "लोक तोंडात शेण घालतीत."

"शिवणाच्या बाई आसत गो वांगडा. आमी दोगाच चेडवां, मी नि इनासिया. आमी बाईंकडे निजतलंव. पोरगे राहुटीत."

"आणि वाघ?"

"वाघ खंय निजतलो तां तेका इचार."

बाबा पाटावर बसून हसले. त्यांचं, म्हणजे गुरुदासांचं, बंदराच्या रस्त्याला सुतळी-काथ्याचं दुकान होतं, आणि सायकल खरी त्या दुकानाची. "जावंदे गो तिका," ते आईला म्हणाले. "रोझारियो मास्तर आसत मा? सायकलीक तेच्यासारखो जपणारो माणूस सगळ्या मालवणात नाय." मग त्यांनी सुगंधाकडे बोट केलं. "पण एक ध्यानात ठेव. घाटात रडलंस, भियालंस, मास्तरांका तरास झालो असा माका कळला, तर त्याच दिसा सायकल दुकानात टांगून ठेवतलंय. मगे बस सुतळी मोजत."

"मी? आणि रडतलंय?" सुगंधा इतकी हसली की तिला उचकी लागली.

भाऊबीज झाली आणि तिसऱ्या दिवशी उजाडताच शाळेच्या पायरीसमोर सायकलींची रांग लागली. सामानाची सोय आधीच झाली होती. कोल्हापूरहून गूळ घेऊन आलेला एक ट्रक नारळ भरून परत निघाला होता. राहुट्या, टोप, तांदूळ, शिवणाच्या बाई आणि भिकाजी अशी सगळी जड मंडळी त्यात बसायची होती. जाण्याआधी भिकाजीने पायरीवर नारळ ठेवला, टोपी सारखी केली आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ही जी पोरां आज सायकली घेवन घाटार निघाली आसत, तेंच्या वाटेर काटो येवो नको, टायरीत खिळो जावो नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"चढार तेंका दम दी, उतारार तेंका बिरेक दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या वेळी सगळ्यांत मोठा आवाज रोझारियो सरांचा होता. त्यांनी लगेच क्रूसही काढला. अर्ज दोन्ही कचेऱ्यांत केलेला बरा.

मग त्यांनी भाषण केलं. "कळपाचा राखणदार नेहमी मागून चालतो. म्हणून पुढारी सगळ्यांच्या मागे! बाबली, तू पुढे हो. मुक्काम कणकवलीला, नदीकाठच्या आंब्याखाली. मी मागून येतोच."

बाबली वर्गातला सर्वांत उंच मुलगा, आणि त्याच्या मते सर्वांत शहाणाही. "सर, चेडवां मागे पडतली," तो म्हणाला. "तेंका ट्रकात घाला."

"तूच जा ट्रकात," सुगंधा म्हणाली. "नारळात नारळ."

सायकली सुटल्या. वळणावर सुगंधाने मागे पाहिलं. सर एक हात सायकलच्या सीटवर ठेवून उभे होते आणि दुसरा हात हलवत होते. बंदरावर मुंबईची बोट सुटताना आयाबाया हलवतात तसा.

कट्टा मागे पडेपर्यंत सगळं झकास चाललं. गाणी झाली, बाबलीने हात सोडून सायकल चालवून दाखवली आणि एका म्हशीची माफी मागितली. पुढे एका चढावर सुगंधाच्या सायकलची चेन पडली. "फुडे व्हा, मी येतंय," तिने ऐटीत सांगितलं. चेन बसवता येते हे तिला दाखवायचं होतं. पण दाखवायला कोणी उरलं नाही तेव्हा तिच्या लक्षात आलं की चेन आपल्याला बसवता येत नाही. काटकी घेऊन, हात कोपरापर्यंत काळे करून ती रस्त्याच्या कडेला बसली.

तेवढ्यात मागून एस.टी. घरघरत आली.

सुगंधाने सहज वर पाहिलं. टपावर पोती होती, कोंबड्या कोंडलेला एक झाप होता, आणि पोत्यांच्या मधोमध सुंभाने घट्ट बांधलेली, चाकं आभाळाकडे करून पडलेली एक काळी, तुळतुळीत सायकल होती. हँडलला छत्री.

तिने नजर खाली आणली. खिडकीत रोझारियो सर बसले होते.

सरांनीही तिला पाहिलं. त्यांचा हात वर आला. तो निघाला होता बहुतेक रामराम करायला; पण अर्ध्या वाटेत त्याचा विचार बदलला, तो कपाळाला लागला, छातीला लागला, डाव्या-उजव्या खांद्याला लागला, आणि क्रूस पुरा होईस्तोवर एस.टी. वळण घेऊन दिसेनाशी झाली. मागे राहिली ती धूळ आणि सुगंधा.

"आऽऽई गो!" ती रस्त्यालाच म्हणाली.

मग तिने चेन कशी बसवली ते तिलाच कळलं नाही. ती उडत निघाली. इनासिया, उचल दप्तर! शिमग्यापर्यंत! सुगंधाच्या पोटात काही राहत नसे. आई म्हणायची, एक वेळ चाळणीत पेज राहील, पण ह्या चेडवाच्या पोटात गजाल राहायची नाही. आणि ही गजाल केवढी! मालवणच्या अर्ध्या बाजाराला दिवाळी ते शिमगा पुरेल अशी. तिने वाटेतच ती मनात तीन-चार तऱ्हांनी सांगून पाहिली. कोंबड्यांचा झाप आधी घ्यावा की सायकल, एवढंच ठरायचं होतं.

कणकवलीच्या नदीकाठी आंब्याखाली मुलांचा घोळका होता आणि घोळक्याच्या मधोमध सर बसले होते. शर्ट भिजलेला, हातात चहाची कपबशी.

"अगो सुगंधा!" बाबली धावत आला. "सर आमच्याआधी! आमी इलंव तेवा सर चाय पियत होते! घामान न्हाल्ले बघ!"

सुगंधाने बघितलं. घाम माणसाला पाठीवर येतो. सरांचा शर्ट फक्त पुढून भिजला होता, आणि नदी अगदी हाताशी होती.

"खयच्या वाटेन इलास, सर?" कुणीतरी विचारलं.

"आहे एक आडवाट," सर म्हणाले.

"बघलंस?" इनासियाने कंबरेवर हात ठेवले. "येता का नाय सरांका सायकल? हरलंस मा? आता बोल!"

सुगंधाने बोलायला तोंड उघडलं. सरांनी तिच्याकडे पाहिलं. काही खुणावलं नाही, डोळे वटारले नाहीत. नुसतं पाहिलं. पण त्यांच्या हातातली कपबशी वाजायला लागली. इतकी बारीक वाजत होती की घोळक्यात कुणाला ऐकूही गेली नाही. सुगंधाने आजवर सरांना नेहमी शिट्टीच्या मागे पाहिलं होतं. शिट्टीशिवायचे सर तिला पहिल्यांदाच दिसले. पन्नाशीला आलेला, कानांपाशी पिकलेला, पुढून भिजलेला माणूस.

"हरलंय," ती म्हणाली.

"काय?"

"हरलंय म्हणान सांगतंय मा! दे तुझा दप्तर. कानात बोंडू गेले काय तुझ्या?"

ती असं का म्हणाली ते तिला कळलं नाही. पण रात्रीच्या जेवणात सगळ्यांच्या ताटात माशाचा एकेक तुकडा पडला आणि तिच्या ताटात दोन, वर डोकं. "ही मुलगी शिस्तीची आहे," सर वाढणाऱ्या भिकाजीला म्हणाले. सुगंधाला आजवर शाळेत कुणी शिस्तीची म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलं उठली तर सर जागेवर नव्हते. रस्ता तपासायला पहाटेच पुढे गेले, असं भिकाजीने सांगितलं. "सर म्हणजे वारो!" बाबली म्हणाला. सुगंधा मुकाट्याने तोंड धुवायला गेली. एवढा लांबचा रस्ता हा माणूस सायकल हाताशी धरून चालत गेला असेल, हे एकट्या तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही सांगायचं नाही म्हणजे काय कष्ट असतात तेही एकट्या तिलाच. दुपारच्या आत मुलं फोंड्याला पोचली तेव्हा सर घाटाच्या पायथ्याला दगडावर बसून बुटातले खडे काढत होते.

आणि मग घाट लागला.

घाटात सायकलवर कोण बसतो! पहिल्याच वळणावर सगळे उतरले. दुसऱ्या वळणावर बाबलीचं गाणं बंद झालं. सायकल चालवणं एक आणि सायकल चालत नेणं दुसरं, हे कुणालाच माहीत नव्हतं. पेडल पोटरीला लागे, हँडल दरीकडे तोंड करी, सायकल मागे ओढी. इनासिया रडवेली होऊन म्हणाली, "ही सायकल नाय, मेली म्हस आसा."

तेवढ्यात बाजूने सर निघून गेले. ताठ, शांत, गोव्याकडचं कुठलंसं मांडो गाणं गुणगुणत. त्यांची सायकल त्यांच्या कमरेला टेकून मांजरासारखी चालत होती.

"तिका ढकलू नको, बाये," ते जाता जाता इनासियाला म्हणाले. शिस्तीचं मराठी घाटाखाली राहिलं होतं. "नळी कमरेक टेकव. एक हात सीटीर. हां. आता तिच्या वांगडा चल. ती दमली तर तू थांब, तू दमलंस तर ती थांबता."

वळणामागून वळण, सर पुढे आणि दहावी मागे. वर माथ्यावर पोचले तेव्हा मुलांनी सायकली आडव्या टाकल्या आणि स्वतःही आडवी झाली. सर उभे होते. धाप नाही की घाम नाही. रुमाल काढून ते सायकलच्या घंटीवरची धूळ पुसत होते.

"सर देवमाणूस," बाबली जमिनीवरूनच म्हणाला.

दाजीपूरला थंडी अशी होती की समुद्राकाठच्या पोरांनी तसली कधी पाहिलीच नव्हती. रान, धुकं, राहुट्या. सकाळी शिवणाच्या बाई "गवो! गवो!" म्हणून ओरडत राहुटीत शिरल्या; धुक्यात काळी घोंगडी पांघरून भिकाजी चुलीला लाकडं आणायला निघाला होता. मुलं दिवसभर त्याला गवो म्हणून हाक मारत राहिली आणि तोही हुंकार देत राहिला. सर त्या दिवशी फार खुशीत होते. इथे कुठे जायचं नव्हतं, म्हणून कशावर बसायचंही नव्हतं.

शेकोटीपाशी मात्र बाबलीने घोळ केला.

"सर, उद्या उतार! उतारार आता तुमी फुडे. आमका बघूचा आसा तुमी कसे जातास. कणकवलीक काय, आमी इलंव तेवा तुमी पोचलेले!"

"होय सर! सर फुडे! होय म्हाराजा!" सगळे ओरडायला लागले. सर हसले. शेकोटीच्या उजेडात ते हसू खोटं दिसत होतं. सुगंधाने आतापर्यंत त्या माणसाचं सगळं हसणं ओळखायला सुरुवात केली होती.

"शिस्त," सर म्हणाले. "पुढारी नेहमी मागे..."

"ता चढार! उतारार नाय!"

सकाळी ट्रक आला आणि बाई, भिकाजी, टोप, राहुट्या घेऊन आधी निघून गेला. सायकली घाटाच्या माथ्यावर ओळीत उभ्या राहिल्या. खाली कोकण धुक्यात बुडालेलं, आणि रस्ता असा उतरलेला की दगड सोडला तर फोंड्याच्या बाजारात जाऊन थांबावा. मुलांनी सरांसाठी पुढची जागा मोकळी सोडली होती.

सरांनी सायकल त्या जागेवर नेली. छत्री सारखी केली. घंटी वाजवून पाहिली. मग कधी नव्हे तो त्यांनी एक पाय पेडलवर ठेवला. त्यांचा हात क्रूस काढायला उठला, आणि हात उठताच हँडल दरीकडे वळलं. त्यांनी घाईघाईने ते धरलं. त्यांच्या ओठांचा रंग गेला होता. हा माणूस आता खरंच बसणार आहे, हे सुगंधाला लख्ख दिसलं. तो दरीत जाईल, पण 'येत नाही' म्हणणार नाही.

"सर!" ती ओरडली. "सर, माका भीती वाटता!"

सगळ्यांच्या माना वळल्या. सुगंधा सायकल टाकून दगडावर बसली होती आणि तिने भोकाड पसरलं होतं. सुरुवातीला रडू काही केल्या येईना. मग दुकानात टांगलेली सायकल तिच्या डोळ्यांपुढे आली आणि रडू आपोआप आलं.

"माका नाय जावचा सायकलीन! ब्रेक लागणा नाय! आई गोऽऽ!"

"तुका?" इनासियाचे डोळे कपाळात गेले. "तुका भीती?"

"बघा!" बाबली म्हणाला. "चेडवांका हाडू नको म्हणान मी सांगलेलंय का नाय? आता हिच्यापायी सगळे थांबा!"

"कोणी थांबायचं नाही," सर म्हणाले. त्यांचा पाय केव्हाच पेडलवरून खाली आला होता. "बाबली, तू पुढारी. वळणावर घंटा, ब्रेकवर हात, एकामागून एक. मी हिच्याबरोबर चालत येतो."

एकेक सायकल सुटली. इनासिया शेवटची. जाताना तिने सुगंधाकडे असं पाहिलं, जणू सुगंधाच्या जागी दुसरीच कुणी मुलगी बसली आहे. किणकिणाट खाली खाली गेला आणि घाट गप्प झाला.

सुगंधाने परकराने नाक पुसलं आणि सायकल उचलली. दोघं चालू लागली. सर, सायकल, सायकल, सुगंधा. दोन वळणं मागे पडली.

"ज्या चेडवान माका भर मैदानार प्रश्न इचारल्यान," शेवटी सर म्हणाले, "तेका उताराची भीती?"

"वाटली."

"अगो, तू एक नंबरची खोटारडी."

"तुमी दोन नंबरचे, सर," सुगंधाच्या तोंडून गेलं, आणि तिने जीभ चावली.

सर थांबले. आणि एकदम हसायला लागले. इतके हसले की सायकल त्यांच्या हातून निसटून तिच्या सायकलवर रेलली.

"तुका म्हायत आसा?" ते डोळे पुसत म्हणाले. "नोकरीक मुलाखतीक गेलंय तेवा कमिटीचे लोक म्हणाले, ड्रिलमास्तराक वाडीवाडीतल्या शाळांनी जावचा पडात, सायकल आसा काय? माझो भाव कॉन्स्टान्सियो तेवा बोटीर होतो, तेणी मुंबयसून पाठयलेली. मी म्हणालंय, आसा. तेनी लिवल्यानी, सायकल आसा. आसा काय ता इचारल्यानी, येता काय कोणी इचारूकच नाय! मगे सतरा वर्सां कोणी इचारूक नाय. घरात माझ्या बायलेक, सोकोरोकसुद्दा वाटता, घोव टायरीक जपता म्हणान. तूच पयला."

"मगे शिकलास नाय कित्या?"

"खंय शिकू? मालवणात? मैदानार पोरां, रस्त्यार पोरांचे बापूस. मास्तर सायकलीवरसून पडलो तर दुसऱ्या दिसा साऽवधान कोणाक म्हणू?" त्यांनी सायकलच्या सीटवर हात फिरवला. "पण बसूक बरा वाटता काय गो? वर? वारो लागता?"

पायथ्याजवळ रस्ता जरा सपाट झाला तेव्हा सुगंधाने आपली सायकल कडेला टेकवली आणि सरांच्या सायकलचं कॅरिअर दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "बसा," ती म्हणाली. "हय कोण नाय."

सर बसले. सायकल चार हात गेली, मग तिला वाटलं तिकडे गेली. घाणेरीच्या झुडपात सर आधी पोचले, सायकल नंतर.

"सर?"

"विश्राम," झुडूप म्हणालं.

कोपरं सोलवटलेली, केसांत पानं, सर बाहेर आले. पण त्यांच्या तोंडावर असं काही होतं की सुगंधाला आपण मे महिन्यात पहिल्यांदा सीटवर बसलो तो दिवस आठवला. "वारो लागलो गो," ते म्हणाले. "वायच लागलो." मग त्यांनी कपडे झटकले, सायकल पुसली आणि ती हाताशी धरून पुन्हा चालायला लागले.

फोंड्याहून संध्याकाळची एस.टी. धरून दोघं परतली, पण मालवणात सुगंधाच्या आधी बातमी पोचली. बाबलीने बंदराच्या रस्त्यावर ती प्रत्येक दुकानात एकेकदा आणि गुरुदासांच्या दुकानात दोनदा सांगितली होती. सुगंधा दोन दप्तरं गळ्यात घालून घरी आली तेव्हा आई दारातच उभी होती.

"घाटात भोकाड पसरलंस म्हणे! मास्तर बिचारे उन्हातान्हात तुझ्यापायी चलत इले म्हणे! आणि ह्यां दुसरा दप्तर कोणाचा?"

"इनासियाचा. पैज हरलंय."

"कसली पैज?"

"अशीच."

बाबांनी तिच्या हातातून सायकल घेतली. रागावले नव्हते ते. उलट जरा वाईट वाटल्यासारखे दिसत होते, आणि तेच जास्त वाईट होतं. "ठरलेला होता, बाये," ते म्हणाले. "दुकानात खुंटी ठोकून ठेवलंय."

एक वाक्य. एका वाक्याने सगळं फिरलं असतं. टपावरची सायकल, कोंबड्यांचा झाप, खिडकीतला क्रूस. दप्तर इनासियाच्या गळ्यात, सायकल आपल्या हातात, आणि बाबली आयुष्यभर गप्प. ते वाक्य कच्च्या करवंदासारखं तिच्या जिभेवर घोळत होतं. बाहेर पाणंदीतून कुणीतरी जात होतं. चाकाची टकटक आणि बुटांचा आवाज, शेजारी शेजारी, एका तालात. आई म्हणाली, "मास्तर घराक चलले वाटता. बरो माणूस. लंगडतत काय गो ते?"

सुगंधाने ते वाक्य गिळलं. अख्खं, बियांसकट. आणि गिळता गिळताच तिला दुसरं सुचलं.

"बाबा," ती म्हणाली, "टांगा सायकल. दिसभर टांगा. फकत सकाळची, दुकान उघडासर, माका द्या."

"कित्याक?"

"मी ठरयलंय." तिने दोन्ही दप्तरं खाली ठेवली आणि मैदानावर उभी राहायची तशी ताठ उभी राहिली. "उद्यापासून रोज उजाडताना, ओहोटी आसात तेवा, मी चिवल्याच्या वेळेर, दर्याकाठच्या घट्ट वाळूर, जातलंय. रोझारियो सरांकडे सायकल शिकाक."

आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी आईकडे.

"अगो," बाबा म्हणाले, "पण तुका तर येता मा सायकल? मे महिन्यापासून सगळ्या गावाक सांगत फिरतंस!"

"नाय, बाबा," सुगंधा म्हणाली. "माका सायकल येणा नाय."